तीन-चार वर्षांच्या लेकराला वाचनालयात न्यायचंय? सुरुवात पुस्तक परत देण्यापासून करा

मागच्या महिन्यात सोसायटीतल्या मैत्रिणीने गेटजवळ थांबवून विचारलं की तुझी पोरं एवढ्या लहानपणापासून वाचनालयात कशी काय जातात, माझ्याला तर अजून 'अ' पण येत नाही, मग तिथे नेऊन करायचं काय. तेव्हा उभ्या उभ्या जे सांगितलं ते अर्धवटच राहिलं म्हणून आता नीट बसून लिहितेय. माझ्याकडे दोन आहेत, थोरली सात वर्षांची आणि धाकटा साडेतीनचा, दोघांनाही तीन पूर्ण व्हायच्या आधीपासून नेतेय, त्यामुळे खाली जे आहे ते सगळं करून बघितलेलं आहे.

आपण धरून चालतो की वाचनालय म्हणजे वाचता यायला लागल्यावरची गोष्ट. पण एवढ्या लहान मुलाला तिथे पहिली गोष्ट शिकायची असते ती वाचन नाहीच, ती आहे आणणं आणि परत देणं. माझे बाबा दर शनिवारी संध्याकाळी सायकलच्या हँडलला पिशवी अडकवून निघायचे आणि आईला सांगायचे "पुस्तक बदलून येतो". आणून येतो नाही, बदलून येतो. आपल्या भाषेत हे किती नेमकं आहे बघा, एक दिल्याशिवाय दुसरं नाही. आणि तीन वर्षांच्या मुलाचं सगळं जग "माझं आहे" या दोन शब्दांवर चालतं, म्हणून त्याला सगळ्यात अवघड जातं ते हेच. बहुतेक आईबाप दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला हार मानतात ती पुस्तक आवडलं नाही म्हणून नाही, काउंटरवर पुस्तक परत देताना पोरगं जमिनीवर लोळण घेतं म्हणून. तर तयारी तिथूनच करायची.

घरी आधी पंधरा दिवस

शेजारच्या काकूंकडून डबा येतो न? कधी त्यात साबुदाण्याची खिचडी असते, कधी वडाभात असतो. आपण तो डबा ठेवून घेत नाही, घासून-पुसून परत करतो आणि परत करताना रिकामा देत नाही, काही नसलं तर चमचाभर साखर तरी घालतो. हे तुमच्या लेकराने रोज बघितलेलं असतं. आता मुद्दाम त्याच्या हातून करून घ्या. "हा डबा कोणाचा? काकूंचा. आपण खाल्लं, आता त्यांचा त्यांना देऊन येऊ." एवढंच बोलायचं, भाषण द्यायचं नाही. असं चार-पाच वेळा झालं की वाचनालयाच्या पुस्तकाबद्दल सांगताना एक वाक्य पुरतं, "हे पुस्तक काकूंच्या डब्यासारखं आहे, बघायचं आणि परत द्यायचं." धाकट्याला हे इतकं पटलं की तो काही दिवस पुस्तकाला "डबेवालं पुस्तक" म्हणत होता.

दुसरं म्हणजे घरातलीच पाच-सहा पुस्तकं घेऊन वाचनालय-वाचनालय खेळायचं. एकदा तो ग्रंथपाल, एकदा तुम्ही. जुन्या वहीत रेघोट्या मारून नोंद करायची, शिक्का म्हणून बटाटा कापून शाईत बुडवला तरी चालतो. यात मुद्दाम एक करा, तुम्ही पुस्तक "घरी" म्हणजे दुसऱ्या खोलीत घेऊन जा आणि मग परत आणून द्या. पुस्तक गेलं आणि परत आलं हे त्याने ग्रंथपालाच्या खुर्चीत बसून बघितलं पाहिजे. मोठ्यांना हे पोरखेळ वाटेल पण परत येण्यावर मुलाचा विश्वास बसतो तो इथेच.

वाचनालय निवडताना आधी एकटं जाऊन या

मुलाला घेऊन थेट जाऊ नका, आधी स्वतः एक चक्कर मारा. नागपुरात जुनी वाचनालयं बरीच आहेत. बर्डीवर म्हणजे सीताबर्डीला विदर्भ साहित्य संघ आहे, १९२३ साली सुरू झालेली संस्था, महालात राष्ट्रीय वाचनालय आहे, शासनाचं विभागीय ग्रंथालय आहे, आणि त्याशिवाय वस्ती-वस्तीत छोटी वाचनालयं असतात ज्यांची पाटी आपण रोज बघतो पण आत कधी गेलेलो नसतो. पाटीवर "शासनमान्य" आणि पुढे अ, ब, क किंवा ड वर्ग लिहिलेला असतो, १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखाली ही मान्यता आणि अनुदान मिळतं. वर्ग बघून जाऊ नका मात्र, माझा अनुभव असा की लहान मुलासाठी घराजवळचं ड वर्गाचं वाचनालय लांबच्या अ वर्गापेक्षा बरं पडतं, कारण रस्त्यातच झोप लागली तर सगळं मुसळ केरात.

गेल्यावर बघायचं काय. बालविभाग वेगळा आहे का, असला तर कपाट उघडं आहे का. काही ठिकाणी कपाटाला काच आणि कुलूप असतं, आपण नाव सांगायचं आणि ते काढून देतात, मोठ्यांना ते चालून जातं पण ज्याला नावच वाचता येत नाही त्याने मागायचं कसं? अशा ठिकाणी मी सरळ विनंती करते की दहा-बारा चित्रांची पुस्तकं टेबलावर काढून ठेवाल का, आणि बहुतेक वेळा ठेवतात. खालचा खण मुलाच्या हाताला येतो का ते बघा. पंखा, पिण्याचं पाणी, बाथरूम कुठे आहे ते बघा, तीन वर्षांच्या मुलाच्या बाबतीत बाथरूम हा पहिला प्रश्न असतो हे सगळ्या आयांना माहीत आहे. चपला बाहेर काढायच्या असतील तर बंद बुटांऐवजी सँडल घालून न्या.

आणि अभ्यासिका कुठे आहे ते नक्की बघून ठेवा. आपल्याकडे बऱ्याच वाचनालयांत एमपीएससी, पोलीस भरतीचा अभ्यास करणारी मुलंमुली सकाळपासून रात्रीपर्यंत बसून असतात. त्यांचं वर्षच्या वर्ष पणाला लागलेलं असतं, तिथून जाताना लेकराला कडेवर घ्यायचं आणि न बोलता पुढे जायचं. मी थोरलीला सांगायची की या ताई-दादांचा पेपर आहे, आपण मांजरीसारखं जायचं, ती खरोखर पंजे टेकत जायची.

काउंटरवर विचारायचे प्रश्न: अनामत किती, महिन्याची वर्गणी किती, मुलाच्या नावाने कार्ड होतं की आपल्या कार्डावर बालविभागाचं पुस्तक मिळतं, एका वेळी किती पुस्तकं, किती दिवस, मुदत वाढवून फोनवर मिळते का, आणि पान फाटलं तर काय करायचं. शेवटचा प्रश्न आधीच विचारा, लाजू नका. जिथे "काही नाही हो, घेऊन या, आम्ही चिकटवतो" असं उत्तर मिळेल ते वाचनालय तुमचं. कार्डासाठी साधारण फोटो आणि पत्त्याचा पुरावा मागतात तर ते सोबत ठेवा म्हणजे दुसरी खेप होत नाही. वेळ पण विचारून घ्या, बऱ्याच ठिकाणी दुपारी बंद असतं आणि आठवड्याची सुट्टी रविवारीच असेल असं नाही.

एका ठिकाणी मला काउंटरवरच्या माणसाने सांगितलं की मॅडम, एवढ्या लहान पोरांना आणत जाऊ नका, पुस्तकं खराब होतात. थोरली तेव्हा पावणेतीनची, माझं बोट धरून उभी होती आणि तिला सगळं कळत होतं. मला फार लागलं ते. आपल्या देशातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे जे पाच नियम मांडले त्यात पहिलाच हा की पुस्तकं वापरासाठी असतात, आणि दुसरा की प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक मिळालं पाहिजे. प्रत्येक, म्हणजे पावणेतीन वर्षांच्यालाही. पण तिथे वाद घालून उपयोग नव्हता, मुलीसमोर तर नाहीच, म्हणून दुसरीकडे गेले. तुमच्याही वाट्याला असं आलं तर एवढंच सांगते की ते उत्तर एका माणसाचं असतं, ते वाचनालयांचं उत्तर नसतं. दुसऱ्या वाचनालयातल्या काकांनी पहिल्याच दिवशी चष्मा वर करून विचारलं, "काय पाहिजे वं बाई तुले? हत्तीचं का वाघाचं?" आणि ती म्हणाली "दोन्ही", त्यांनी दोन्ही काढून दिली.

पहिला दिवस

पोट भरलेलं आणि झोप झालेली, या दोन गोष्टी नसतील तर त्या दिवशी जाऊच नका. आपल्याकडे उन्हाचं गणित वेगळं, मार्चपासून पुढे दुपारी लहान मूल बाहेर काढणं म्हणजे त्याला आजारी पाडणं, मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि नवतपात, म्हणजे मे अखेरच्या त्या नऊ कडक दिवसांत, तर संध्याकाळी सहालाही रस्ता तापलेला असतो. तेव्हा एकतर सकाळी उघडल्या उघडल्या जा नाहीतर सूर्य बुडल्यावर. सुरुवात करायला सगळ्यात छान महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी स्वेटर घालून चालत जाता येतं. पावसाळ्यात जाणार असाल तर कापडी पिशवीच्या आत एक प्लास्टिकची पिशवी, आणि ती पिशवी पुस्तकाचीच, त्यात भाजी नाही, पाण्याची बाटली तर नाहीच नाही. बाटली गळते. गळतेच.

पहिल्या खेपेला पंधरा-वीस मिनिटं भरपूर झाली. आत गेल्यावर लगेच पुस्तक हातात देऊ नका, आधी फिरू द्या, कपाटं बघू द्या, वर्तमानपत्र वाचत बसलेले आजोबा बघू द्या, मुलांना ती काठीला अडकवलेली वर्तमानपत्रं फार आवडतात. हळू बोलण्याचा खेळ करा, पण "शूऽऽ" "शूऽऽ" वीस वेळा करू नका, आपल्याच शूचा आवाज जास्त होतो. त्यापेक्षा आपण स्वतः कानात बोलायचं, मूल आपोआप आवाज उतरवतं. आणि रडायलाच लागलं तर उचलून बाहेर यायचं, पाच मिनिटं झाडाखाली उभं राहायचं, परत आत. परत आत जायचं हे महत्त्वाचं, नाहीतर रडलं की घरी जायला मिळतं हे त्याच्या लक्षात येतं.

एक पुस्तक नक्की घेऊन या. काही जण म्हणतात पहिल्या दिवशी नुसतं बघून यावं, मला ते पटत नाही, कारण घरी एक पुस्तक आलं नाही तर परत जायचं कारणच उरत नाही.

निवडू कोणी द्यायचं

मुलाने. पूर्णपणे. हे मला स्वतःला जमायला वर्ष लागलं. आपल्याला वाटतं छान संस्कारी गोष्टीचं घ्यावं, आपण लहानपणी वाचलेलं घ्यावं, आणि ते पोट्टं हटकून फाटक्या कव्हरचं ट्रॅक्टरचं पुस्तक काढतं. घेऊ द्या. दोन पुस्तकं मिळत असतील तर एक त्याचं, एक तुमचं. एकच मिळत असेल तर त्याचं.

तुमच्या वाट्याच्या पुस्तकात काय बघायचं तर पानावर एक मोठं चित्र आणि खाली एक-दोन ओळी, यापेक्षा जास्त मजकूर या वयात पेलत नाही. शब्द परत परत येणारी गोष्ट असली तर फारच छान, कारण तिसऱ्या वाचनात मूल ती ओळ स्वतः म्हणायला लागतं. बिनशब्दांची, फक्त चित्रांची पुस्तकंही असतात, ती आजीला फार सोयीची कारण आजी तिच्या भाषेत सांगते, आमच्या आजी वऱ्हाडीत सांगतात आणि तो कोल्हा "मले भूक लागली" म्हणतो, पुस्तकात काही का लिहिलेलं असेना. भाषेचा फार बाऊ करू नका, आपल्या गावात पोरं सकाळी मराठीत, दुपारी हिंदीत आणि शाळेत इंग्रजीत असतात, तिन्ही चालतील, फक्त घरी वाचून दाखवणाऱ्याला जी भाषा सहज येते तिच्यातलं एक तरी असू द्या.

बालविभागच नसेल किंवा चार कपाटांत मोठ्या मुलांच्याच कादंबऱ्या असतील तर निराश होऊ नका. पक्ष्यांची, प्राण्यांची, गाड्यांची फोटोंची पुस्तकं मोठ्यांच्या विभागात असतात ती मागा. बालभारतीचं 'किशोर' मासिक १९७१ पासून निघतंय, ते खरं मोठ्या मुलांचं आहे पण जुन्या अंकांची रंगीत चित्रं बघायला तीन वर्षांचं मूल अर्धा अर्धा तास बसतं. नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालय मालिकेतली पुस्तकं बऱ्याच जुन्या वाचनालयांत असतात, किंमत कमी असल्यामुळे ती घेतलेली असतात आणि मागणी नसल्यामुळे मागच्या रांगेत पडलेली असतात. तुम्ही मागितली की ती पुढे येतात. वाचनालयात "लहान मुलांची नवीन पुस्तकं कधी घेणार" हे विचारत राहणंही कामाचं आहे, बऱ्याच ठिकाणी मागणीची वही असते, त्यात लिहून या.

एकच पुस्तक परत परत आणलं तर? थोरलीने एका बदकाच्या पुस्तकासाठी सलग पाच खेपा केल्या. दर वेळी परत द्यायचं, काका नोंद करायचे, आणि ती लगेच तेच कपाटातून काढायची. मी पहिल्यांदा "अगं दुसरं बघ न" म्हणत होते, मग सोडून दिलं. सहाव्या खेपेला तिने स्वतःच ते कपाटात ठेवलं आणि मांजरीचं घेतलं. त्या पाच खेपांत ती खरंतर हेच बघून राहिली होती की दिलेलं पुस्तक पुढच्या वेळी तिथे असतं की नाही.

काउंटर

नोंद होते तिथे मुलाला वर उचलून घ्या, स्टूल असेल तर उभं करा, हे दोन मिनिटांचं काम घाईत उरकू नका. ग्रंथपाल काका पुस्तकाच्या मागचं कव्हर उघडतात, तिथे चिकटवलेली तारीखपट्टी असते, आधीच्या तारखांची रांग, कुठली निळी, कुठली जांभळी, एखादी तिरपी. मग शिक्क्याचा आकडा बोटाने फिरवतात, पॅडवर टेकवतात, आणि ठप्प. धाकटा त्या ठप्पच्या आधी श्वास रोखून धरतो. एकदा काकांनी त्याचं बोट शिक्क्यावर ठेवून त्याच्या हातून मारून घेतला, तारीख निम्मीच उमटली, काकांनी बाजूला पेनाने लिहिली आणि म्हणाले "हा तुझा शिक्का आहे बरं, याच तारखेला यायचं". आजकाल बऱ्याच ठिकाणी कॉम्प्युटरवर नोंद होते, तिथे स्क्रीनवर आपलं नाव दाखवायला सांगा, किंवा स्वतः एक कागदाची पट्टी करून तारीख लिहा. मुलाला डोळ्यांनी दिसेल अशी काहीतरी खूण पाहिजे.

पुस्तक त्यानेच द्यायचं, त्यानेच घ्यायचं, आपण मध्ये हात घालायचा नाही. "काका, हे घ्या" आणि "थँक्यू काका" एवढं पाठ असलं की झालं. बारा ऑगस्टला ग्रंथपाल दिन असतो, रंगनाथन यांच्या नावाने, त्या दिवशी आम्ही पोरांनी काढलेलं चित्र घेऊन जातो. थोरलीचं मागच्या वर्षीचं चित्र अजून तिथे काचेखाली आहे.

घरी आल्यावर भिंतीवरच्या कॅलेंडरवर परत द्यायच्या तारखेला लाल पेन्सिलने गोल करायचा, रोज रात्री एक दिवस खोडायचा. सात दिवस हे मुलाला कळत नाही पण सात चौकोन कळतात.

पुस्तक घरी असताना

वाचनालयाच्या पुस्तकाची जागा वेगळी. खेळण्यांच्या टोपलीत नाही, स्वतःच्या पुस्तकांत मिसळायचं नाही. आमच्याकडे दाराच्या खुंटीला पिशवी आहे, पुस्तक एकतर हातात नाहीतर पिशवीत. हात धुवून पुसूनच हात लावायचा, आणि खाताना पुस्तक नाही, तर्रीचा एक थेंब पडला की तो डाग जन्मभर जात नाही, संत्र्याच्या रसाचं पण तसंच आणि त्याला वर मुंग्या लागतात. पान उलटायला वरच्या कोपऱ्यातून शिकवा, खालून चिमटीत धरलं की फाटतं.

वाचून दाखवताना गोष्ट संपवायच्या मागे लागू नका. बोट ठेवून विचारा "हा काय करून राहिला?" आणि मग थांबा. खरंच थांबा, मनात पाचपर्यंत आकडे मोजा, लहान मुलाला उत्तर जुळवायला वेळ लागतो आणि आपण तेवढ्यात स्वतःच बोलून टाकतो. तो म्हणाला "कुत्रा", तर आपण म्हणायचं "हो, काळा कुत्रा, पळून राहिला". एवढंच. एका पानावर दहा मिनिटं गेली तर जाऊ द्या. मधूनच उठून गेला तर पुस्तक मिटून पिशवीत, ओरडायचं नाही. दिवसात दहा मिनिटं जेवणानंतर किंवा झोपायच्या आधी, रोज एकाच वेळी.

आता फाटण्याबद्दल. फाटणार आहे. धाकट्याने पहिल्याच महिन्यात हत्तीच्या सोंडेपासून पानाच्या काठापर्यंत फाडलं, रागाने नाही, उघडता उघडता. माझा पहिला विचार सेलोटेप शोधण्याचाच होता पण बरं झालं लावली नाही. सेलोटेप काही वर्षांत पिवळी पडते, तिचा चिकटा कागदात उतरतो आणि मग शेजारचं पानही चिकटतं. फाटलेला तुकडा त्याच पानात नीट ठेवा, पुस्तक पिशवीत सपाट ठेवा आणि तसंच घेऊन जा, वाचनालयवाले त्यांच्या पद्धतीने पातळ कागद लावून दुरुस्त करतात. पुस्तक भिजलं तर उन्हात टाकू नका, पानं वाकडी होतात, दोन-चार पानांआड कोरा कागद घालून पंख्याखाली ठेवा, कागद ओले झाले की बदला.

आणि सांगायचं मुलानेच, आपण शेजारी उभं राहून. धाकटा काउंटरवर गेला, पान उघडलं आणि म्हणाला "काका, हत्तीला लागलं". काकांनी बघितलं, म्हणाले "लागलं खरं, पट्टी करू आपण". भरपाई द्यावी लागली तर ती पण मुलासमोर द्या, त्याला धाक घालायला नाही, वस्तू खराब झाली की तिची सोय लावायची असते हे दिसायला. उशिराच्या दंडाचंही तेच, दोन-चार रुपये असतील, त्याच्या हातून द्या. मुलाला कधीही असं म्हणू नका की फाडलंस तर वाचनालयवाले काका रागावतील. ज्या माणसाची भीती घातली त्याच्याकडे ते पुढच्या शनिवारी आनंदाने कसं जाईल?

परत देण्याचा दिवस

इथपर्यंत सगळं केलं तरी पहिल्या एक-दोन वेळा रडणं होतंच. मी काय करते ते सांगते. आदल्या रात्री शेवटचं वाचन, आणि प्रत्येक पानाला टाटा. त्यातलं आवडलेलं एक चित्र बघून घरच्या वहीत काढायचं, कसंही, ते चित्र आपलं, पुस्तक वाचनालयाचं. आमच्या पोरांना मी तान्ह्या पोळ्यावरूनही समजावलं, म्हणजे लहान मुलं लाकडी बैल सजवून नेतात तो पोळा. लाकडी बैल आपला आहे, तो पोळा झाला की माळ्यावर जातो आणि पुढच्या वर्षी आपल्याच घरून निघतो. पुस्तकाचं तसं नाही, ते आपल्याकडे पाहुणं आलंय आणि त्याला अजून पुष्कळ घरी जायचंय. तारखांची ती रांग दाखवा तेव्हा, "बघ, या दिवशी कोणाकडे गेलं होतं, या दिवशी अजून कोणाकडे". थोरली त्यावर बराच वेळ विचार करत बसली आणि मग म्हणाली, मग पुढच्या मुलीला याचं शेवटचं पान सांगू नकोस.

वाचनालयात गेल्यावर आधी परत, मग कपाटाकडे, हा क्रम कधी मोडायचा नाही. फारच जीव जडला असेल तर एकदा मुदत वाढवा, दुसऱ्यांदा नाही, कोणीतरी वाट बघत असेल. आणि रोजच्या कामात हे बसवायचं असेल तर वार ठरवून टाका, आमचा शनिवार आहे. आजी-आजोबा सभासद असतील तर सोन्याहून पिवळं, आजोबांना वर्तमानपत्र वाचायला जायचंच असतं आणि नातवंडाला सोबत. फक्त आजोबांना आधी सांगून ठेवा की निवड पोराची, नाहीतर ते रामायण-महाभारताच्या खाली येत नाहीत.

जवळपास वाचनालय नसेल तर

मनीषनगर, बेसा, त्या पलीकडे नवीन वस्त्यांमध्ये सगळं आहे पण चालत जाण्यासारखं वाचनालय मिळणं कठीण. आम्ही सोसायटीत जिन्याखाली एक जुनं कपाट ठेवलंय, सहा घरांनी मिळून पुस्तकं दिली. त्यात स्टोरीवीव्हर फार कामी आलं, प्रथम बुक्सने २०१५ मध्ये सुरू केलेली वेबसाइट आहे, मराठीतही भरपूर गोष्टी आहेत, फुकट आणि प्रिंट काढायची परवानगी असलेल्या. पहिल्या पातळीच्या गोष्टी घ्या, रंगीत प्रिंट काढा, जाड कागदाचं कव्हर लावून मधोमध शिवा. मोबाइलवर दाखवू नका मात्र, मोबाइल परत द्यायला कोणी शिकत नाही. वही ठेवा, तारीख टाका, शिक्का घ्या, स्टेशनरीच्या दुकानात तारखेचा शिक्का सहज मिळतो. रविवारी सकाळी अर्धा तास एक घर पाळीने बसतं. नोंदीशिवाय "ज्याला पाहिजे त्याने घ्या" असं ठेवलं होतं सुरुवातीला, महिन्याभरात निम्मी पुस्तकं गायब झाली, कोणी चोरली नाहीत, कोणाच्या तरी सोफ्याखाली गेली. वही आली तशी ती परत यायला लागली.

अंगणवाडीत किंवा प्ले स्कूलमध्येही ताईंना विचारून बघा, शुक्रवारी एक पुस्तक घरी आणि सोमवारी परत, एवढी छोटी व्यवस्था पुष्कळ होते. पिशव्या शिवून द्यायची जबाबदारी पालकांनी घ्यावी, ताईंवर आधीच खूप कामं असतात.

अजून एक, वाचनालयात विचारून ठेवा की स्वतःच्या नावाचं कार्ड कितव्या वर्षी मिळतं. थोरलीला मागच्या दिवाळीनंतर मिळालं. फॉर्मवर सहीच्या जागी तिने नाव लिहिलं, पहिलं अक्षर उलटं पडलं, तिने खोडरबर मागितलं तर काका म्हणाले राहू दे, पेनाने लिहिलंय. मग तिने माझ्या कार्डावरचं पुस्तक परत दिलं आणि स्वतःच्या कार्डावर पहिलं पुस्तक घेतलं ते बदकाचं होतं, धाकट्यासाठी.